आई, मी टीव्हीवर दिसणार नाही

नवी दिल्ली

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

"टीव्हीवर कधी दिसणार?" असं आईने परवा पुन्हा विचारलं. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. जामिया विद्यापीठातल्या शेवटच्या सत्राच्या प्रकल्पासाठी मी व्हिडिओ सोडून ऑडिओ घेतलं आहे आणि पुढेही तेच करायचं मनात आहे.

व्हिडिओ जमत नाही म्हणून नव्हे. आधी हातांचा क्लोजअप, मग चेहरा, मग लांबून सगळी जागा, मग खांद्यावरून एक शॉट. एवढं हाताशी असलं की एडिटिंगला अडत नाही, हे सगळं शिकले. पण कॅमेरा लावला की माणूस सावरून बसतो आणि सभेत बोलल्यासारखं बोलायला लागतो. हातातल्या छोट्या रेकॉर्डरचा मात्र थोड्या वेळाने त्याला विसर पडतो.

माझा विषय आझादपूर मंडी, म्हणजे दिल्लीचा फळं-भाज्यांचा घाऊक बाजार. लासलगावला ट्रॅक्टरमधून मोकळा गेलेला कांदा लिलावानंतर गोण्यांत भरून इथे येतो. रात्री गाड्या खाली करणाऱ्या हमालांना इकडे पल्लेदार म्हणतात. त्यांतल्या एका काकांनी मला सांगितलं, की गोणी पाठीवर आली की आवाजावरूनच माल कळतो. सुका कांदा खसखसतो, भिजलेला गप्प पडतो. बाबा, तुम्हाला हे माहीत असणारच, मी मात्र कांद्याच्या चाळीत लहानाची मोठी होऊनही कधी कान दिला नव्हता. दोन्ही गोण्यांचे आवाज मी माइक अगदी जवळ धरून घेतले. चित्रात त्या दोन गोण्या सारख्याच दिसल्या असत्या.

समोरचा बोलत असताना आपण "हो, हो" म्हणायचं नाही, नुसती मान हलवायची, नाहीतर आपला आवाज त्याच्या शब्दांवर चढतो. बोलणं संपलं की त्याच जागी मिनिटभर गप्प उभं राहून तिथला नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. पुढे वाक्यं कापताना मध्ये खड्डा पडतो, तो त्याने भरतात. आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायची. शून्य ही वरची हद्द, तिला टेकला की आवाज फाटतो आणि मग सहसा हाती लागत नाही.

काका मजुरीबद्दलही मोकळेपणाने बोलले. आपल्याकडे 1969 पासून माथाडी कायदा आहे, हे त्यांना नवीन होतं. नाव घालू नको म्हणाले. पण मंडीत आवाजही ओळखतातच, म्हणून मजुरीचा भाग मी माझ्या आवाजात सांगणार आहे. त्यांची रोजी बुडेल असं काही माझ्या हातून जाता कामा नये.

पोटापाण्याचं काय, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्याच लावता येतात. प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं, तरी हा नियम आहेच, आणि मला तो साफ चुकीचा वाटतो. त्यामुळे काम आहे ते आकाशवाणीत आणि इंटरनेटवरच्या पॉडकास्टमध्ये. सुरुवातीला पगार चॅनेलपेक्षा कमी असेल. त्याची तयारी मी ठेवली आहे.

बाबा, डोळ्यांमुळे तुमचा पेपर सुटला, पण प्रादेशिक बातम्या तुम्ही चुकवत नाही. संहिता लिहिताना मला तुम्हीच दिसता. ऐकणाऱ्याला मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचता येत नाही, म्हणून वाक्यं लहान ठेवते आणि आकडे एका दमात एकापेक्षा जास्त येऊ देत नाही.

आता एक काम. दादा उन्हाळ कांदा घेऊन लासलगावला जाईल तेव्हा मला लिलावाचा आवाज हवा आहे. बोली लावणाऱ्यांना त्याने आधी विचारावं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं आणि मध्ये काही बोलू नये. आपल्या ट्रॅक्टरची बोली सुरू होण्याआधीपासून व्यापारी पुढच्या ट्रॅक्टरकडे जाईपर्यंत सलग घ्यावं. आणि व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा.

आई, गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, ते दादाकरवी त्याच फेरीत मागवून घे.

तुमची,
ताई