उद्या गुरुवार

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

काल तू मधेच फोन ठेवलास ते बरंच केलंस. आणखी दोन मिनिटं बोलले असते तर अजून काहीबाही बोलून बसले असते. "देऊन ये परत" हे तुझ्या नव्या कुत्रीबद्दल, भुरीबद्दल, माझ्या तोंडून निघायला नको होतं. बाबा असते तर त्यांनी फोन हातातून काढून घेतला असता. म्हणून आता लिहायला बसले आहे. टपालात टाकलं तर तुला मिळेपर्यंत सोमवार उजाडेल, तेव्हा पानांचे फोटोच पाठवते. अक्षर लागलं नाही तर ताईला विचार, तिला माझं सगळं वाचता येतं.

हाताबद्दल एकदाच लिहिते, मग त्याचं नाव काढणार नाही. सोमवारी चावली, सोमवारीच पहिलं इंजेक्शन झालं, म्हणजे दुसरं उद्या, गुरुवारी. तिसरं पुढच्या सोमवारी. त्यापुढची तारीख कागदावर असेल. रक्त आलं होतं, तर जखमेत रेबीजचं सीरम दिलं का, असं विचारल्यावर तू "दिलं काहीतरी" म्हणालास. हे "काहीतरी" मी तीस वर्षं पेशंटच्या नातेवाइकांकडून ऐकलं आहे. कागद बघ. तिला लस टोचलेली आहे हे मला माहीत आहे. चावल्यावर दहा दिवस कुत्रं ठणठणीत राहिलं की काळजीचं कारण उरत नाही, हेही माहीत आहे. तरी तारीख चुकवायची नाही. झालं, हा विषय संपला.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पलंगाखाली पार भिंतीला चिकटून बसली आहे, एक पाय पोटाखाली दुमडलेला, आणि हनुवटीखाली तुझी निळी चप्पल. ती चप्पल काढून घेऊ नकोस. तू म्हणतोस ती तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. अरे, पण झोपते ती तुझ्याच वासावर डोकं ठेवून. आणि मानेभोवती केस झडून गोल पट्टा पडलाय, तिथे साखळी असणार. आता मला सांग, नेमका तिथेच हात घालून तिला मित्रांना दाखवायला बाहेर ओढायचं कुणाच्या डोक्यात आलं? ती चावली म्हणतोस. मी म्हणते, तू चावून घेतलंस.

हे जरा जास्तच लागेल. पण खोडलं तर तू फोटो ताणून ताणून वाचशीलच, म्हणून राहू दे.

काल तू विचारलंस, "ही अशीच राहणार का?" अरे, ती शनिवारी आली, आज बुधवार. कुत्री सोडवून आणणारी माणसं एक ठोकताळा सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसती धडकी ओसरायला, तीन आठवडे घराचा रोजचा क्रम समजायला, तीन महिने हे घर आपलं वाटायला. हा अंदाज आहे, कॅलेंडर नव्हे. साखळीवर वाढलेल्या जिवाला वर्षही लागतं. आणि शांत बसली म्हणजे रुळली असंही समजू नकोस. वॉर्डात सगळ्यात गप्प असलेल्या पेशंटकडेच आम्हाला जास्त बघावं लागायचं.

तुझं मानसशास्त्राचं जाडजूड पुस्तक इथल्या कपाटात पडलं आहे, दुपारी काढून बसले होते. पावलोव्ह, तो कुत्र्यांवर प्रयोग करणारा रशियन शास्त्रज्ञ, म्हटलं की आपल्याला घंटा आणि लाळ एवढंच आठवतं. पण १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, तेव्हा त्याची कुत्री पिंजऱ्यांत अडकली होती. पाणी चढत गेलं, शेवटी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढलं. जीव वाचले, पण काहींचं शिकवलेलं सगळं पुसलं गेलं. एका कुत्र्याचं हळूहळू परत आलं. मग दाराखालून पाण्याची बारीक धार खोलीत सोडून पाहिली, तर ते पुन्हा बिथरलं. नुसती धार. तुझ्या भुरीची अशी धार कोणती हे तुला अजून कळायचं आहे. मान ही एक कळली, तीही हात रक्ताळून.

पंधरा मिनिटं धुतलास ना? साबण लावून, वाहत्या नळाखाली? की दोन मिनिटं धरलास आणि टॉवेल गुंडाळलास?

बघ, पुन्हा तेच. मी तुला याचं कारण कधी सांगितलं नाही. मी शिकत होते तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीत एक माणूस होता, बाबांहूनही तरुण. तहानलेला असायचा, स्वतः पाणी मागायचा, आणि पेला ओठांशी नेला की घसा असा आवळून यायचा की पेला हातातून उडायचा. चावा महिन्यांपूर्वीचा, घरच्यांच्या लक्षातही राहिला नव्हता. एकदा लक्षणं दिसली की आपल्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही, आणि त्याआधी वेळेवर सगळं केलं तर माणूस वाचतो. म्हणून मला "काहीतरी" चालत नाही.

आणि म्हणूनच आपला कुत्रा खंडू घरातून गेला. तू सात वर्षांचा होतास. तुला वाटतं बाबांना तो नको होता. बाबांनी तसं वाटू दिलं. नको मला होता. चौथ्या दिवशी मी त्याच्या तोंडाखालची ताटली सरकवायला गेले, तो गुरगुरला. मी वर्तमानपत्राची गुंडाळी हाणली, कारण कुत्र्याला वचक हवा असं तेव्हा जो तो सांगायचा. दुसऱ्या दिवशी गुरगुरला, परत हाणली. तिसऱ्या दिवशी तो गुरगुरलाच नाही, सरळ मनगट धरलं. त्याने दोनदा नोटीस दिली होती, मीच ती फाडून टाकली. संध्याकाळपर्यंत त्याला परत पाठवलं. तू दारात उभा होतास, हातात त्याची दोरी. रडला नाहीस. मला वाटलं, बरं झालं, पोरानं मनाला लावून घेतलं नाही.

तेव्हा भुरी गुरगुरली तर रागावू नकोस, जरा मागे हो. चावण्याआधी ती खूप काही सांगते: झोप नसताना जांभई, सारखी ओठांवरून जीभ, मान तिकडे आणि डोळ्याचा पांढरा भाग तुझ्याकडे. तिच्यापासून काही काढून घ्यायचंच असेल तर आधी त्याहून चांगलं काहीतरी थोडं दूर टाक. ताटली ठेव आणि निघून जा. खाणं बदलायचं तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत ने, नाहीतर पोट बिघडेल. तिला बोलावू नकोस. पलंगाजवळ खाली बैस, तिच्याकडे तोंड न करता, आणि मोठ्याने काहीही वाच, ऑफिसची कागदपत्रं वाच. तिला आवाज ओळखीचा व्हायला हवा, अर्थ कुठे लागतो! आणि मिक्सर लावताना दार लोटून घे. आपलं ऐकणं २०,००० हर्ट्झपाशी संपतं, तिचं ४५,०००च्या आसपास जातं. तुझ्या घरात तुला कधीच ऐकू न आलेले आवाज ती रोज ऐकत असेल. घरात शू केली तर पुसून टाक, मागाहून ओरडलास तर तू माथेफिरू आहेस एवढंच तिला कळेल.

बाहेर नेताना मात्र हयगय नको. घाबरलेलं कुत्रं मागे रेटतं आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून येतो. छातीचा हार्नेस आण, मानेला काही नको. तो एकदम अंगावर चढवू नकोस, दोन दिवस नुसता ताटलीजवळ पडू दे.

सोमवारपासून तुझं ऑफिस. आतापासून किल्ल्या उचल, बूट घाल आणि परत खुर्चीत बैस. मग दाराबाहेर एक मिनिट, मग पाच. एकदम नऊ तासांसाठी नाहीसा होऊ नकोस. सुट्टी वाढवून मिळत असेल तर घे, मी असं सांगते आहे म्हणजे बघ. आणि सोमवारी ऑफिसच्या आधी तिसरं.

किती सांगते आहे मी! तू मला न विचारता तिला आणलंस याचा मला राग आला होता. विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते, हे तुला माहीत होतं. रक्त गळत असताना तू दार लावून घेतलंस आणि मित्रांना जिन्यातूनच परत पाठवलंस, तिच्यावर हात उचलला नाहीस, हे तू काल सांगत होतास आणि मी ऐकत नव्हते. रात्री आठवलं. मी सुनंदामावशीला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, "हाताला फार लागलंय का?" तर मी म्हणाले, "अगं, ते जाऊ दे, तू पुढचं ऐक."

बॅग भरून ठेवली होती, शुक्रवारची गाडी बघितली होती. आता येत नाही. तिला इतक्यात नवी माणसं नकोत, आणि हे तुला शिकवून मीच दारात उभी राहिले तर कसं दिसेल? तू म्हणशील तेव्हा येईन. बेल वाजवणार नाही, फोन करेन. आल्यावर उंबऱ्याशी खाली बसेन, तिच्याकडे पाठ करून, हाक मारणार नाही. तेवढा वेळ तू माझ्या शेजारी येऊन बैस आणि हात माझ्या हातात दे, मला बघू दे.

तुझी,
आई

ता. क. उद्या गेलास की कागदाचा फोटो पाठव. आणि चपलेची दुसरी जोडी घे, ती काही आता परत मिळत नाही.