रविवारी 'मिरॅकल इन मिलान'

सभासदहो,

येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाच्या वरच्या सभागृहात व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'मिरॅकल इन मिलान' (१९५१) हा इटालियन सिनेमा दाखवणार आहोत. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार याला विभागून मिळाला होता. 'बायसिकल थीव्ह्ज'चाच दिग्दर्शक, लेखनात तेच चेझारे झावात्तिनी, पण इथे गरिबीच्या गोष्टीत चक्क जादू आहे. कोबीच्या मळ्यात सापडलेला तोतो मोठेपणी मिलानच्या कडेला झोपडवस्ती उभी करतो, तिथे जमिनीतून तेल निघतं आणि मालकाची नजर फिरते. मग एक पांढरं कबुतर येतं. शेवट मुद्दाम सांगत नाही. तो पडद्यावरच पाहावा असा आहे.

- कृपया वेळेवर या. कोबीचा प्रसंग अगदी सुरुवातीलाच आहे, तो चुकवू नका. खेळ सुरू झाल्यावर दार बंद राहील.
- खुर्च्या मोजक्याच आहेत. शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.
- संवाद इटालियन, उपशीर्षकं इंग्रजी. ती वाचू शकणाऱ्या मुलांना जरूर आणा, त्यांना हा सिनेमा आवडेल.
- मोबाइल पूर्ण बंद.

नंतर अर्धा तास गप्पा आहेत, थांबा.

– कार्यवाह