मत्स्यालयाची मागची खोलीही मुलांना दाखवा

संपादक महोदय,

सुट्टीत मी, माझी मुलगी आणि तिची दोन मुलं असे चौघं एका मोठ्या मत्स्यालयात जाऊन आलो. नात सहा वर्षांची, नातू साडेतीन वर्षांचा. मी एकतीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात पाळ्या केल्या, फिल्टर आणि पंप सांभाळले. त्यामुळे या पत्रात माशांपेक्षा पाण्याबद्दल जास्त लिहिलं जाईल. मला सांगायचंय तेही पाण्याबद्दलच आहे.

सगळ्यात मोठ्या टाकीसमोर गर्दी होती. नातू माझ्या खांद्यावर बसला होता आणि डोक्यावरून पाकट गेला की माझे केस ओढत होता. नात मात्र पारदर्शक भिंतीला कपाळ टेकवून कितीतरी वेळ गप्प उभी होती. मग मागे वळून तिने विचारलं, "आबा, एवढे मासे आहेत, मग त्यांची शी कुठे जाते?" आजूबाजूचे लोक हसले आणि तिच्या आईने तिला दटावलं. तिने तोच प्रश्न तिथल्या गणवेशातल्या माणसाला विचारला. तो म्हणाला, "बाळा, पुढे चल, मागे रांग थांबलीय." त्याला दोष देत नाही, गर्दी पुढे सरकवणं हेच त्याचं काम होतं. पण शेजारच्या पाटीवरही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. माशाचं नाव, लांबी, तो कुठे सापडतो, एवढीच माहिती होती. आणि ती पाटीही मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

त्या दिवशी मुलांनी पाहिलेल्या सगळ्या गोष्टींत मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. आम्ही बाजूच्या पायरीवर बसलो आणि मला जमेल तसं तिला सांगितलं.

माशांच्या शरीरातली घाण मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सुटते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण साठली तर मासे मरतात. म्हणून टाकीतलं पाणी सतत मागच्या खोलीत जातं. तिथे वाळूच्या फिल्टरमध्ये शी आणि उरलेलं खाणं अडकतं. एका उंच नळकांड्यात पाण्यात बारीक हवा सोडतात. विरघळलेली चिकट घाण त्या बुडबुड्यांना धरून फेस होऊन वर येते आणि वरच्या वर काढून टाकता येते. समुद्रकिनाऱ्यावर वाऱ्याने जमतो तसाच तो फेस. पुष्कळ ठिकाणी पाण्यातून ओझोनही सोडतात. त्याने जंतू मरतात आणि पाण्याचा पिवळटपणा जातो. मात्र पाणी माशांकडे परत जाण्याआधी हा ओझोन त्यातून पूर्ण काढावा लागतो.

इथपर्यंतचं बरंचसं माझ्या ओळखीचं होतं. वाळूचे थर, उलट्या दिशेने पाणी सोडून ते धुणं, दाबाचे काटे बघत राहणं यांतच माझं आयुष्य गेलं. पण त्यापुढचा टप्पा माझ्या सगळ्या नोकरीच्या उलटा होता. आम्ही जंतू मारायचो. कच्च्या पाण्यात अमोनिया वाढला की आम्हाला क्लोरिनची मात्रा वाढवावी लागायची. मत्स्यालयात मात्र जिवाणू मुद्दाम पाळतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच असतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं. नवी टाकी भरली की हे जिवाणू वसायला काही आठवडे द्यावे लागतात, तोवर ती माशांनी भरून चालत नाही. आणि त्यांचं घर चुकून नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने धुतलं तर तेच आधी मरतात. नातीला मी एवढंच सांगितलं, "जे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, ते माशांची शी खातात." तिने लगेच विचारलं, "मग त्यांची शी कोण खातं?" याचंही उत्तर आहे. काही नायट्रेट शेवाळ खातं आणि उरलेलं कमी करायला अधूनमधून थोडं पाणी बदलतात.

संपादक महोदय, मत्स्यालयं मुळात याच प्रश्नाच्या उत्तरातून उभी राहिली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने एका भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलता ती जिवंत ठेवता येतात, हे मांडलं. गोगलगायी कुजलेली पानं खाऊन टाकत, ही त्यातली मेख. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पाणी स्वच्छ ठेवण्याची युक्ती आधी सापडली, मासे बघायला लोक त्यानंतर आले. आज आपण मुलांना फक्त मासेच दाखवतो.

जगात काही ठिकाणी मागची बाजू बघता येते. जपानच्या ओकिनावातल्या चुराउमी मत्स्यालयात देवमुशींची (व्हेल शार्कची) मोठी टाकी आहे. तिची समोरची ॲक्रिलिकची भिंत ६० सेंटिमीटर जाड आहे आणि आत सुमारे ७५ लाख लिटर पाणी आहे. ती टाकी वरूनही बघता येते. अमेरिकेतल्या मॉन्टेरे बे मत्स्यालयात समुद्री शेवाळाचं उंच जंगल आहे. तिथे दिवसा गाळलेलं पाणी सोडतात, म्हणजे लोकांना आतलं नीट दिसतं. रात्री समुद्राचं पाणी न गाळता आत घेतात. त्याबरोबर सूक्ष्म जीव आणि अळ्या येतात. टाकीतले प्राणी ते खातात आणि काही जीव तिथेच वस्ती करतात. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. गढूळपणा शून्याकडे नेणं हाच आमच्याकडे कामाचा कस होता, आणि इथे रात्रीचं गढूळ पाणी हेच अन्न.

हात लावून बघायच्या उथळ टाकीपाशी नातवाने तारामासा बोटाने हलकेच चाचपला. तारामासा पाण्याच्या दाबावर चालतो. पाठीवरच्या एका चाळणीसारख्या ठिपक्यातून समुद्राचं पाणी आत घेतो, ते पाच हातांतल्या नळ्यांत खेळवतो आणि खालचे शेकडो पाय त्या दाबाने लांब-आखूड करतो. त्याच्या अंगात रक्त नाही. मी पंपावर काम केलेला माणूस, मला तर तिथून हलावंसंच वाटेना. पण तिथेही आत हात घालण्याआधी ते धुवायचे कशासाठी, हे कुणी मुलांना सांगत नव्हतं. हाताला लावलेलं क्रीम, साबण, जंतुनाशक हे सगळं त्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी तारामासा अंगात घेतो. हे एकदा सांगितल्यावर साडेतीन वर्षांच्या पोराने स्वतःहून नळाखाली हात धरले.

जाता जाता पालकांनाही एक विनंती. टाकीवर टकटक करू नका. माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातले हेलकावे टिपणारी एक रेषा असते. आपण मारलेली टिचकी त्यांना आपल्यापेक्षा फार जास्त जाणवते.

आता मुख्य मागणी. मत्स्यालय चालवणाऱ्यांनी फिल्टरच्या खोलीला एक काचेची खिडकी ठेवावी, मुलांच्या उंचीवर. फेसाचं नळकांडं दिसू द्यावं. निळ्या, लाल, पिवळ्या रंगांच्या नळ्यांतून पाणी कुठून कुठे जातं, हे एका चित्रात दाखवावं. दिवसातून एकदा, दहा मिनिटांसाठी का होईना, पाण्याची तपासणी करणाऱ्या माणसाने बाहेर यावं आणि मुलांसमोर अमोनियाची चाचणी करून दाखवावी. परीक्षानळीत थेंब टाकून रंग बदलताना बघणं मुलांना किती आवडतं, हे मी आमच्या केंद्रावर शाळेच्या सहली यायच्या तेव्हा पाहिलं आहे. वेगळ्या शुल्काची खास फेरी नको. प्रत्येक मुलाच्या वाटेत ही खिडकी आली पाहिजे.

बाहेर पडताना नातीने शेवटचा प्रश्न विचारला, "आबा, वीज गेली तर?" आमच्या केंद्रात वीज गेली की काय करायचं, हे मला अजून पाठ आहे. मत्स्यालयात काय करतात, ते तिला मी अर्धवटच सांगू शकलो. पाण्यातला प्राणवायू सगळ्यात आधी कमी होतो, म्हणून हवा सोडणारी यंत्रं पहिल्यांदा जनित्रावर घ्यावी लागतात, एवढंच सांगितलं. उरलेलं तिला तिथेच, ते जनित्र सांभाळणाऱ्या माणसाकडून ऐकायचं आहे. तो माणूस त्याच इमारतीत, एका बंद दाराआड होता.

आपला नम्र,
एक निवृत्त जलशुद्धीकरण कर्मचारी