आचाऱ्याला गंमत समजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘नादेसिको’वरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून आज डबे रवाना झाल्याबरोबर लिहायला बसले. लेख मेहनतीने लिहिलाय, हे आधी सांगते. १९९६ सालच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकेला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळतं, याचं मला खरोखर अप्रूप वाटलं. पण लेखकाने नायक आचारी असणं ही एक गंमत म्हणून दोन ओळींत निकालात काढलं, आणि मालिका जिथे जिथे गंभीर होते तिथे तिथे तिचा तोल जातो असा निवाडाही देऊन टाकला. यातलं दुसरं मला पटलं नाही. पहिलं लागलं.

या नायकाला, अकितोला, रोबो चालवायचा नसतो हो. त्याला स्वयंपाक करायचा असतो. सासेबोच्या खानावळीतून त्याला काढून टाकतात ते हात वाईट म्हणून नाही, तर हल्ल्याचा आवाज झाला की तो जागच्या जागी थिजतो म्हणून. मंगळावर हल्ला झाला तेव्हा तिथल्या तळघरात ज्या मुलीला त्याने संत्रं दिलं, तिच्यासकट सगळी माणसं त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली असतात. ‘नादेसिको’ या अंतराळातल्या लढाऊ जहाजावर त्याची नेमणूक होते तीही भटारखान्यात. वेळ आली की तो एस्टिव्हॅलिस नावाच्या लढाऊ रोबोत बसतो, लढतो आणि उतरला की पुन्हा मुख्य आचारी होमेईबाईंच्या हाताखाली ओट्याशी उभा राहतो. सगळे त्याला सांगतात की तू वैमानिक हो, आणि तो सांगतो की मी आचारी आहे. सव्वीस भागांची ही मालिका या ओढाताणीवर उभी आहे. ती काढून टाकली तर राहतात नुसते स्फोट आणि आरडाओरडा.

मालिका हसवते, यावर वाद नाही. तिचा पायाच विनोदी आहे. जहाज बांधणाऱ्या नेर्गाल कंपनीने कामात अव्वल पण स्वभावाने एकेक नग अशी माणसं वेचून जहाजावर भरलीत. संपर्कयंत्रणा सांभाळणारी मेगुमी पूर्वी कार्टूनला आवाज द्यायची. सुकाणूवरची मिनातो कुठल्याशा कंपनीत साहेबांची सेक्रेटरी होती. यंत्रं बघणारा उरिबाताके बायकोच्या कटकटीतून सुटका म्हणून आलाय. आणि या सगळ्यांवर जहाजाचा संगणक सांभाळणारी अकरा वर्षांची रुरी शांतपणे ‘बाका’, म्हणजे मूर्ख, असा शेरा मारते. नोकरीच्या करारात बारीक अक्षरांत अट असते की जहाजावर स्त्री-पुरुषांनी हात धरण्यापलीकडे जायचं नाही. ती वाचून मंडळी युद्ध बाजूला ठेवून चक्क बंड पुकारतात. नेमक्या त्याच वेळी कॅप्टन युरिका मेलेल्यांचे अंत्यविधी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे उरकत असते, एका पोशाखातून दुसऱ्या पोशाखात धावत. पोळ्या करताना मी हे पाहिलं आणि लाटणं खाली ठेवून हसले. पण त्या विनोदाच्या मागे एक अख्खी वसाहत उद्ध्वस्त झालेली आहे. हसू आणि प्रेतं एकाच प्रसंगात आहेत. मग तोल जातो कधी? तो पहिल्यापासून दोन्ही पारड्यांत वजन ठेवूनच धरलेला आहे.

दाइगोजी या वैमानिकाचं मरणही लेखकाला खटकलं. तिसऱ्याच भागात एवढं रंगतदार पात्र मारून टाकणं म्हणजे प्रेक्षकांची फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र तिथेच या मालिकेवर विश्वास बसला. हा पोरगा ‘गेकिगांगर ३’ या, मालिकेतल्या जगातल्याच, जुन्या रोबोच्या कार्टूनच्या वेडात बुडालेला. नायकाने कसं मरावं, शेवटी काय बोलावं, हे सगळं त्याने मनात रचून ठेवलेलं. आणि मरतो कसा? लढाईत नाही. आपल्या यानावर गेकिगांगरची चित्रं चिकटवत असताना, जहाजावरून पळून जाणारे सैनिक समोर येतात आणि सरळ गोळी घालतात. शेवटचं भाषण नाही, संगीत नाही. युद्धात माणसं अशीच जातात, हे मालिका तिसऱ्या भागात सांगून मोकळी होते आणि पुढचे सगळे विनोद ते लक्षात ठेवून करते.

शत्रूंबद्दल तर काय बोलावं? लेखाच्या मधोमध चौकट करून, ठळक टाइपात, ते कोण आहेत ते छापून टाकलंत. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्या तोंडचा घास काढून घेतलात. आता उघड केलंच आहे म्हणून मीही बोलते. यंत्र समजून ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती माणसं निघतात. चंद्रावरून आणि मग मंगळावरून हुसकावलेल्यांची, गुरूपाशी जाऊन राहिलेल्यांची नातवंडं-पतवंडं. आणि त्यांच्या पोरांनीही तोच गेकिगांगर बघून शौर्य म्हणजे काय ते ठरवलेलं! दोन्हीकडची पोरं एकाच कार्टूनवर वाढली आणि एकमेकांना मारतायत. मिनातोचं ज्याच्यावर प्रेम बसतं त्या शिराटोरीला वाटाघाटींच्या वेळी त्याचाच मित्र गोळी घालतो, आणि खापर पृथ्वीवाल्यांवर फोडलं जातं. लेखकाच्या मते इथे मालिका उगाच रडकी होते. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सगळंच गोड लागलं असं मात्र नाही, आणि लेखकाने याबद्दल एक ओळही लिहिली नाही याचं मला नवल वाटतं. युरिका ही अकादमीतली सर्वांत हुशार विद्यार्थिनी. डावपेचांच्या परीक्षेत तिला कुणी हरवू शकलेलं नाही. तिला पहिल्या दिवसापासून ‘अकितो, अकितो’ करत नाचवलंय. समोर शत्रू उभा आणि कॅप्टनबाईंचं लक्ष भलतीकडे. मेगुमी, र्योको, मग आणखी कुणी, जी ती अकितोच्या मागे. एवढ्या कर्तबगार बायका एका जहाजावर जमवायच्या आणि त्यांना एका पोरावरून भांडायला लावायचं, हा विनोद जुनाट आहे, आणि १९९६ सालीही तो जुनाटच असणार. दिग्दर्शक तात्सुओ सातो यांना याहून चांगलं जमतं, हे अंत्यविधीच्या त्या भागात दिसलेलं आहे, म्हणून जास्त राग येतो.

आता मालिकेची पुढची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटाबद्दल. लेखकाने १९९८च्या ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ला परिपक्व म्हणून पाच तारे दिलेत. चित्रपट दिसायला देखणा आहे, मान्य. सोळा वर्षांची रुरी नादेसिको-सी या नव्या जहाजावरून मंगळावरची शत्रूची सगळी यंत्रणा ताब्यात घेते तो प्रसंग मी पुन्हा लावून पाहते. पण अकितोचं काय केलंत? मालिकेनंतर त्याने रामेनची, म्हणजे जपानी शेवयांच्या सूपची, गाडी लावली, युरिका आणि रुरी त्याच्याबरोबर राहिल्या, लग्न झालं, आणि मधुचंद्राच्या प्रवासात दोघांना पळवून नेलं. प्रयोग करून करून त्याची ज्ञानेंद्रियं निकामी केली. त्याला आता चव कळत नाही. हे सगळं पडद्याआड घडतं! ती गाडी आणि ते घर नीट पाहायचं तर सेगा सॅटर्नवरचा गेम खेळा. मालिकेवर जीव लावलेल्या माणसाने गेमचं यंत्र कुठून आणायचं? आपण पाहतो तो थेट काळे कपडे आणि काळा चष्मा घातलेला माणूस. स्मशानात तो आपली रामेनची कृती रुरीच्या हातात देतो, कारण ती त्याच्या काही उपयोगाची उरलेली नाही.

या प्रसंगाला लेखकाने संथ म्हटलंय. संपादक महाराज, मी घरगुती डबे देते. २०२१च्या लाटेत मला कोविड झाला. आजार गेला तरी चव आणि वास परत आले नाहीत. मोहरी तडतडलेली कानाला कळायची, पण हिंग पडलाय की नाही ते डब्यात डोकावून ठरवायचं. आमटी तोंडात घेतली की जिभेला फक्त गरम लागायचं. कांदा करपतोय हे धूर दिसल्यावर समजायचं. मुलाला प्रत्येक पातेल्यापाशी उभं करून विचारायचं, मीठ बेताचं आहे का, चिंच पुढे जातेय का. तो बिचारा ‘छान आहे’ म्हणायचा, आणि छान म्हणजे काय ते मला कळायचं नाही. हाताला सवय होती म्हणून डबे गेले, गिऱ्हाइकांची तक्रार आली नाही. पण आपण केलेलं अन्न आपल्यालाच परकं होणं काय असतं, ते मला माहीत आहे. माझी चव हळूहळू परत आली. तेव्हा हीच मालिका मुलाने लावून दिली होती. मालिका संपली, चित्रपट लागला, आणि त्या स्मशानापाशी मी तो बंद केला. उरलेला कितीतरी दिवसांनी पाहिला.

चित्रपटाने दुःख दाखवलं म्हणून माझी तक्रार नाही. आचाऱ्याची जीभ काढून घ्यायची तर ते प्रेक्षकांसमोर घ्या, त्याला आधी त्या गाडीवर रामेन करताना पोटभर दाखवा, आणि मग घ्या. सव्वीस भाग ज्याने कढई सोडली नाही त्याची कढई दोन संवादांत सुटली. शेवटी तो निघून जातो आणि रुरी म्हणते की तो परत येईल, नाही आला तर आपण पाठलाग करू. पण तो परत येऊन स्वयंपाक करेल का, याबद्दल कुणी बोलत नाही. मालिका मी कुणालाही बघायला सांगेन. चित्रपट बघा असं सांगताना मात्र जीभ अडखळते.

जाता जाता आणखी एक. शनिवारचं पाककृतींचं सदर आपण गुपचूप बंद केलंत. लिहिणाऱ्या बाई डाळीला पाणी किती ते वाटीच्या मापाने सांगायच्या, अंदाजे असा शब्द वापरत नसत. त्या जागी आता राशिभविष्याचे दोन रकाने येतात, जे रोजच्या अंकात असतंच. सदर का बंद केलं हे आपण वाचकांना कळवलं नाही. ते पुन्हा सुरू करावं, ही विनंती.

पुढच्या रविवारी याच मालिकेवर दुसरा लेख येणार आहे असं खाली छापलंय. लेखकांना कळवा की तेव्हा होमेईबाईंच्या भटारखान्यावर निदान एक परिच्छेद लिहा, आणि शेवट चौकटीत छापू नका.

आपली,
एक वाचक, सांगली