स्नेहलला, सांगलीहून

विश्रामबाग, सांगली
२१ सप्टेंबर

प्रिय स्नेहल,

तुझं पत्र मिळालं. काकांची रत्नागिरीला बदली झाल्याचं आईकडून कळलं होतं, पण तूही जायचं की डोंबिवलीत मावशीकडे राहून बॉटनीची डिग्री पुरी करायची, यावर तुमच्या घरात इतका खल चाललाय हे माहीत नव्हतं. ‘क्रेडिट्स सगळी तिकडे जातात का गं? वर्ष वाया नाही ना जात?’ असं विचारलंयस. या वाटेने मी आधी गेलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रांचं संपवू. मला मुंबई विद्यापीठ सोडून शिवाजी विद्यापीठात यायचं होतं, त्यामुळे टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी अशी सगळी शेपटं होती. तुझं तसं नाही. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठातच येतो, त्यामुळे मायग्रेशनची भानगड नाही. एबीसीचा, म्हणजे क्रेडिट्स जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा, बारा आकडी नंबर तुझ्याकडे आहेच. पहिल्या वर्षाची क्रेडिट्स त्यात जमा झालीत का ते आजच उघडून बघ. कॉलेजने भरली नसतील तर तू तिथे आहेस तोवर ऑफिसात जाऊन मागे लागता येतं, गाव सोडल्यावर फोनवर कोण दाद देतंय! तिकडच्या कॉलेजात बॉटनीची जागा रिकामी हवी आणि तुझा मायनर, म्हणजे दुय्यम विषयही तिथे शिकवत असले पाहिजेत. एवढं जमलं की वर्ष वाया जात नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगते. क्रेडिट्सचा आकडा जुळला तरी शिकवण्याचा क्रम जुळेलच असं नाही. इथल्या मुलांची शेवाळं आणि बुरश्या पहिल्या वर्षालाच हाताखालून गेल्या होत्या. आपल्याकडे त्या पुढे येणार होत्या. म्हणजे इथे त्या होऊन गेल्या, तिथे व्हायच्या होत्या आणि मी मधल्या फटीत. मार्कशीटवर ही फट दिसत नाही. थिअरी मी नोट्स मागून वाचून काढली, तिचं काही वाटलं नाही. पण प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे हातांनी केलेलं तीस तासांचं काम, आणि ते तीस तास कुणाच्या जर्नलची झेरॉक्स काढून मिळत नाहीत. साधी बुरशी खरवडून स्लाइडवर घेताना सुई किती तिरकी धरायची, हे वाचून कसं कळणार? तेव्हा तू टीसीसाठी अर्ज करण्याआधी दोन्ही कॉलेजांचे सिलॅबस शेजारी ठेव आणि पेपरांच्या नावांआधी प्रॅक्टिकलच्या याद्या जुळव. हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

माझी ती फट कशी भरली ते ऐक, कारण मला तुला खरं तर तेच सांगायचंय.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या बाजूची. घरी द्राक्षबागा. गेल्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा माझ्या बेंचवरच्या तासगावच्या मैत्रिणीने घरच्या बागेतली पानं डब्याच्या पिशवीत घालून आणली. वरून तेलाचे थेंब पडल्यासारखे पिवळट डाग. ‘वरनं काय बघालीस? पालथं कर की,’ म्हणाली. पान उलटं केलं तर प्रत्येक डागाच्या बरोबर खाली पांढरी कापशी लव. त्या लोकांचा ‘डाऊनी’ रोग म्हणजे आपला प्लाझ्मोपॅरा विटिकोला, ज्याची आकृती मी नोट्समधून काढली होती! मॅडमनी आम्हाला प्रॅक्टिकल संपल्यावर थांबू दिलं. लव खरवडून, कॉटन ब्लू या रंगाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितली. पानाच्या रंध्रांतून बाहेर आलेले बीजाणुधानीधर, त्यांना काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधान्या, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या. एकेक नीट मोजता येईल इतक्या स्वच्छ.

तेव्हा तिने मला विचारलं, पावसाआधी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारला तर बाग वाचते आणि डाग दिसल्यावर मारला तर वाया जातो, असं का? तिला फवारणीचं वेळापत्रक पाठ, मला जीवनचक्र पाठ. दोन्ही एकाच पानावर आलं. बीजाणुधानीतून बाहेर पडणारे चलबीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरात पोहत रंध्राशी येतात आणि त्यांच्यातून फुटलेला तंतू रंध्रातून आत शिरतो. बोर्डोतलं तांबं त्यांना गाठतं ते पानाच्या पृष्ठभागावरच. एकदा तंतू आत वाढायला लागले की वरचं तांबं तिथे पोहोचत नाही. आणि ही खरी बुरशी नव्हेच, हिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, वर्गीकरणात ती कधीच दुसरीकडे गेली. हे सांगितल्यावर तिने पुढच्याच रविवारी मला घरी नेलं.

त्यांच्याकडे बोर्डो अजून घरी करतात. एक टक्क्याला शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र. तिच्या आजोबांनी त्या निळ्या पाण्यात घासून लख्ख केलेली लोखंडी सुरी बुडवली, थोड्या वेळाने वर काढून उन्हात धरली. पात्यावर तांबूस झाक आली तर तांबं मोकळं आहे, अजून चुना हवा, नाहीतर पान करपेल. लोखंड द्रावणातलं तांबं बाहेर काढतं, शाळेतली विस्थापन अभिक्रिया! हे मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी याच रोगावर पुढे आणलं, आणि त्याची परीक्षा आजही तासगावच्या अंगणात सुरीने होते. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

सध्या तर इथे काडी तपासणीचे, म्हणजे वेलाच्या फांद्या तपासायचे दिवस आहेत. द्राक्षाची छाटणी आपल्याकडे दोनदा होते हे मला इथे आल्यावर कळलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पण पुढच्या वर्षीचा घड डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कळीत, ठरतो तो मे-जूनमध्येच. म्हणून फळछाटणीआधी शेतकरी काड्या घेऊन येतात आणि विचारतात, कितव्या डोळ्यावर घड आहे? मी एका तपासणी केंद्रात शनिवारी हात शिकायला जाते. डोळा स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरायचा आणि ब्लेडने कागदासारखे पातळ काप घेत आत जायचं. आधी तपकिरी शल्कं, मग लोकरीसारखी लव, मग मुख्य डोळा, बाजूला दोन दुय्यम. त्यात टोकदार पानांच्या अंकुरासमोर गोलसर, गाठीगाठींचा फिकट हिरवा ठिपका दिसला की घड आहे. तो सडपातळ, दुभंगलेला असला तर तिथे बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता ताणा येणार. मूळ अंकुर एकच असतो गं, त्याचा घड व्हायचा की बाळी हे त्या दिवसांतला उजेड, तापमान आणि आतली संप्रेरकं ठरवतात. सायटोकायनिन वरचढ झालं तर घड, जिबरेलिन वरचढ झालं तर बाळी. गंमत बघ, मणी लांब व्हावा म्हणून पुढे ज्या ‘जीए’मध्ये घड बुडवतात तेच हे जिबरेलिन. आणि एप्रिलच्या छाटणीनंतर त्यालाच आवर घालणारं लिहोसिन मारतात. वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचं ते प्रकरण आपण पाठ केलं होतं, इथे त्यावर माणसाचं वर्षाचं उत्पन्न उभं आहे. समोर बसलेले शेतकरी काका माझ्या तोंडाकडे बघत असतात. कितवा डोळा ते सांगताना मी शेजारच्या सरांकडून खात्री करून घेते, कारण तिथे कात्री लागणार असते.

हळदीचंही लिहिणार होते, पण थोडक्यात आवरते. त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, एकूण ६३, म्हणून बी धरत नाही, गड्डेच लावावे लागतात. माझा प्रोजेक्ट त्यावर घ्यायचा विचार आहे.

एकटं वाटतं का, विचारलंस. पहिले महिने वाटलं. ग्रुप ठरलेले, बॅच ठरलेल्या, आणि संध्याकाळी रूमवर भडंग खात तुझे जुने मेसेज वाचत बसायचं. त्यावर मैत्री शोधत फिरण्याचा उपयोग झाला नाही. त्या पानाने झाला.

म्हणून माझं मत विचारशील तर जा. पण जायचं तर आत्ता, तिसऱ्या वर्षाला नको. तेव्हा मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे पेपर इतके असतात की मागचं भरून काढायला वेळच उरत नाही. आणि तिथे पोहोचलीस की आधी भाट्याच्या खाडीवर जा. ऱ्हायझोफोरा या खारफुटीचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लोंबत असतं, ते हातात घेऊन बघ. मत्स्यालय असलेलं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरीतच आहे. वर्गात ज्यांच्या घरी हापूसच्या बागा असतील त्यांना साक्याबद्दल विचार. बाहेरून निर्दोष फळ, आत गर पांढरट आणि स्पंजासारखा. ते तुला तासभर सांगत बसतील. तुझ्याकडचं जे असेल ते त्यांना सांग.

काकूंना समजाव, मुलीला नवीन गावात झेपणार नाही ही त्यांची काळजी आईच्या जागी बरोबर आहे. हवं तर माझ्या आईशी बोलायला सांग, तिनेही तीच काळजी केली होती.

दोन्ही कॉलेजांच्या प्रॅक्टिकलच्या याद्यांचे फोटो काढून रविवारपर्यंत पाठव. रात्री नऊनंतर फोन कर, आपण एकेक ओळ जुळवून बघू. तुझं काय काय राहतंय ते कळलं की माझी बुरश्या-शेवाळांची जर्नल्स कुरियरने पाठवते. आकृत्यांखाली मी कुठे अडत होते तेही लिहून ठेवलंय.

तुझी,
मेघना