पहिल्या दिवसाचे पैसे

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : ‘ट्रायल’च्या नावाखाली विद्यार्थ्यांकडून फुकट करून घेतलं जाणारं काम

मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

मी पुण्यात सदाशिव पेठेत मेस चालवते. माझ्याकडे जेवणारी बरीचशी मुलं मराठवाड्यातली, काही खानदेश-विदर्भातली. कोणी कॉलेजात शिकतं, कोणी दिवसभर अभ्यासिकेत बसतं. कोणाच्या घरून या महिन्यात पैसे आलेले नाहीत, हे मला लगेच कळतं. असा मुलगा वाढून घेताना मान वर करत नाही.

जूनमध्ये बीड जिल्ह्यातला एक मुलगा चार दिवस रात्रीच्या जेवणाला आलाच नाही. पाचव्या दिवशी आला तेव्हा बोटांची सालं निघालेली. एका कॅफेत संध्याकाळी पाच ते रात्री अकरा तो ‘ट्रायल’ला जात होता. ऑर्डर घेणं, टेबलं पुसणं, भांडी, शेवटी फरशी. चौथ्या रात्री मालक म्हणाले, “कळवतो.” पैशांचं विचारलं तर, “ट्रायलचे पैसे नसतात.” पुढच्या सोमवारी तिथेच, त्याच कामाला त्याचा रूममेट उभा होता. तोही ट्रायलवरच.

साहेब, मीसुद्धा माणसं कामाला ठेवते. पोळ्या करायला नवीन बाई आली की तिचा हात कसा आहे हे मलाही बघावं लागतं. दोन तासांत कळतं. नाही जमलं तर तसं सांगते, पण त्या दिवसाचे पैसे संध्याकाळी तिच्या हातात ठेवते. तिने लाटलेल्या पोळ्या मुलांनी खाल्लेल्या असतात आणि मुलांनी त्याचे पैसे मला दिलेले असतात. कॅफेतल्या गिऱ्हाइकांनीही त्या चार दिवसांत बिलं भरलीच असतील. मग त्या मुलाचे चोवीस तास गेले कुठे?

कायद्याची मला जेवढी माहिती आहे, त्यात ‘ट्रायल’ला सूट दिलेली कुठे दिसली नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेली वेतन संहिता म्हणते की किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, आणि काम सुटलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा. आपल्या राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत तर अर्धवेळ काम करणाऱ्यांचा वेगळा विचार केलेला आहे : दिवसाच्या वेतनाला आठने भागायचं आणि वर पंधरा टक्के वाढवून तासाचा दर काढायचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम म्हणजे वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्येच, दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या खटल्यात सांगितलं आहे. इथे तर कमी नाही, काहीच दिलेलं नाही.

“मुलं शिकतात की आमच्याकडे,” असं काही मालक सांगतात. हे मला पटत नाही. आपल्याच सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिकण्याच्या काळात बारावी झालेल्याला महिना ६,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरवले होते. त्याच्याही कितीतरी आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. त्यात कमवा आधी आहे. त्यांच्या रयतेच्या शाळांत शिकलेल्यांची नातवंडं आज पुण्यात काम शोधत फिरताहेत, आणि कमवायचं म्हटलं की त्यांना आधी फुकट राबावं लागतं.

आपण एक स्पष्ट परिपत्रक काढावं, ही माझी विनंती आहे. ट्रायल म्हणा, डेमो म्हणा, ट्रेनिंग म्हणा, पहिल्या तासापासून ते काम धरलं जाईल आणि त्याचे पैसे त्याच दिवशी दिले जातील. ट्रायलवरच्या मुलाचंही नाव मस्टरवर यावं. हे मला सगळ्यात गरजेचं वाटतं, कारण आज त्याच्याकडे काम केल्याचा कागदच नसतो. “सात वाजता ये” एवढा एक व्हॉट्सॲप मेसेज असतो, तोही कधी कधी डिलीट केलेला. थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, पण कागदच नसेल तर ही सोय त्याच्या काय उपयोगाची? आणि आपल्या अधिकाऱ्यांनी कॅफे, हॉटेलं, कपड्यांची दुकानं संध्याकाळी सहानंतर तपासावीत. मुलं कामावर तेव्हाच असतात. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर नक्कीच, कारण ‘ट्रायल’वरची माणसं तेव्हाच सगळ्यात जास्त लागतात.

त्या मुलाला मी तक्रार कर म्हटलं. तो म्हणाला, “काकू, एरियात नाव खराब झालं तर दुसरीकडेही कोणी ठेवणार नाही.” म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. त्या चोवीस तासांच्या पैशांत त्याची निम्मी मेस फिटली असती. माझ्या वहीत त्याचा जून अजून बाकी आहे, आणि तो मी त्याच्याकडे मागणार नाही. पण तो त्याने कमावलेला होता.

आपली,
एक मेसचालक, पुणे