तुझ्या कादंबरीतला इन्स्पेक्टर

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

कादंबरीचं हस्तलिखित एका बैठकीत वाचून काढलं. घाटातला पाठलाग फर्मास उतरलाय. पण अकराव्या प्रकरणात तुझा इन्स्पेक्टर संशयिताला रात्रभर बडवतो, पहाटे तो पोपटासारखा बोलायला लागतो आणि तिथंच गुन्हा उघडकीला येतो. हे प्रकरण तू बदलावंस म्हणून हे पत्र.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार सापडलं, तर तेवढ्यापुरतंच त्याचं निवेदन ग्राह्य. म्हणून खरी लढाई होते ती पंचनाम्यावर. सरकारी वकील कागद पुढे करतात आणि पंच म्हणतो, "सही माझीच आहे साहेब, पण मजकूर वाचून दाखवला नव्हता. ठाण्यात बोलावून सही घेतली." लगेच त्याला फितूर ठरवून उलटतपासणीची परवानगी मागितली जाते. आम्हा कोर्टात वावरणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ झालंय.

पण माझा जीव अडकलाय नाशिकच्या खटल्यात. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचा जीव गेला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर आरोपी झाले. सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली, हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांना फाशीच सुनावली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झालं.

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. का, ते नीट वाच. त्या हल्ल्यातून जीव वाचलेल्या घरातल्या आईला पोलिसांनी घटनेनंतर लगेच दफ्तरातल्या गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिनं त्यातल्या चौघांवर बोट ठेवलं होतं. ते चौघे या सहांपैकी नव्हेत! त्यांचा तपासच झाला नाही. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाखांची भरपाई द्यायला सरकारला सांगितलं आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही. पण जवळपास सोळा वर्षं तुरुंगात गेली, आणि त्या आईलाही न्याय मिळाला नाही, हे मला फार लागतं.

भटक्या माणसावर संशय घेणं आपल्याकडे किती सोपं! १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ साली तो रद्द झाला, पण ठाण्यातली नजर बदलायला कायदा पुरत नाही.

म्हणून म्हणतो, तुझ्या इन्स्पेक्टरच्या टेबलावर तो अल्बम ठेव. समोर आई बसलेली, तिचं बोट एका फोटोवर, आणि वरच्या साहेबांनी आधीच दुसऱ्या कुणाला तरी उचलून आणलेलं. आता तो काय करतो? तो अल्बम मिटतो की उघडा ठेवतो, हे तू लिही. मारहाणीच्या पाच पानांत जेवढी धग नाही, तेवढी त्या एका प्रसंगात आहे.

लिहिण्याआधी एकदा सत्र न्यायालयात येऊन मागच्या बाकावर बस. तपासी अंमलदाराची उलटतपासणी असेल त्या दिवशी कळवतो. डबा माझ्याकडे.

तुझा,
वकील मित्र